दातेरी कात्री

मतपेटीतल्या एका पाकिटातून मतपत्रिकांचे दोन तुकडे निघाले, एक निळा आणि एक हिरवा. गव्हर्नर निळ्यांचा, आमदार हिरव्यांचा. इथं मतदार पक्षाची पत्रिका केंद्रावर मिळणाऱ्या एकाच पाकिटात घालून पेटीत टाकतो, आणि दोन पक्षांचे उमेदवार हवे असतील तर पत्रिका कापून तुकडे एकत्र घालतो. पक्षाची माणसं छापील मतपत्रिका आधीच घरोघर वाटून जातात, तेव्हा कोणीतरी घरूनच कात्री लावून आणली होती. त्यात नवल नव्हतं. प्रत्येक प्रांतिक निवडणुकीत अशी कापाकापी होतेच. नवल होतं ते कडेचं. कड दातेरी होती.

टेबलाशी मतं मोजणाऱ्या तिघांनीही ती कड ओळखली. अख्ख्या लास तुस्कास गावात तशी कात्री एकच, देल्फिना शिंपिणीची. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून ती वापरायची, पण कागदाला कधी लावू द्यायची नाही. कागदानं धार जाते. पतंगाचा कागद त्या कात्रीनं कापला म्हणून नासारेनोनं लहानपणी धपाटे खाल्ले होते. देल्फिना गेल्याच महिन्यात वारली. नासारेनो तिचा एकुलता एक मुलगा.

तो हिरव्यांचा आमदारकीचा उमेदवार होता आणि माणसं पुरत नव्हती म्हणून या टेबलावर पोलिंग एजंटही तोच. त्याचा बाप क्रिसान्तो, गाव मानानं डॉन क्रिसान्तो म्हणे, पक्का निळा. गावाचा पाटकरी. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या त्याच्या हातात, आणि ती नोकरी निळ्यांच्या मेहेरबानीची. तीन वर्षांपूर्वी मुलगा हिरव्यांत गेला त्याच दिवशी बापानं त्याला घराबाहेर काढलं. देल्फिनाच्या मातीलाही दोघं खड्ड्याच्या दोन बाजूंना उभे राहिले, आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता दोन वाटांनी गेले.

मतदारांची टेबलं आडनावावरून ठरतात, त्यामुळे बापलेकांचं मत एकाच पेटीत. नासारेनोनं ते तुकडे पाहिले. कात्री आता बापाच्याच घरी होती. तातानं आपल्याला मत दिलं. तोंडानं नाही, पण दिलं.

निळ्यांचा एजंट बाउदिलियो कडेवरून अंगठा फिरवत होता.

"ही तर देल्फिनाबाईंची कात्री. म्हणजे आमचा क्रिसान्तो! खाल्ल्या मिठाला जागला नाही की म्हातारा."

"मत गुप्त असतं, बाउदिलियो," केंद्राध्यक्ष ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या. गावातल्या निम्म्या लोकांना अक्षरं त्यांनीच शिकवली होती.

"गुप्त कसलं, बाई? दात दिसतायत की! पाटाची चावी उद्याच काढून घेतो त्याच्याकडून."

म्हातारपणी बापाच्या पोटावर पाय. बायको गेली, आता पाटही जाणार.

"ते माझं मत आहे," नासारेनो म्हणाला.

खिडकीशी निकाल ऐकायला जमलेली माणसं पुढे झुकली.

"तुझं? अरे, वर आमचा गव्हर्नर आहे!"

"असू दे. मला तोच बरा वाटला. आईची कात्री माझ्याकडे आहे, मीच कापलं."

बाउदिलियो मांडीवर थाप मारून हसला. "घ्या! हिरव्यांचा घोडाच आमच्या तबेल्यात!" खिडकीतलं हसू नासारेनो मतदान केंद्राच्या शाळेबाहेर पडायच्या आधी गावभर झालं होतं.

आमदारकी गेली. ती जाणारच होती, तिचं दुःख नव्हतं. हिरव्यांच्या कचेरीत मात्र कोणी त्याच्यासाठी खुर्ची सरकवली नाही. हिरव्यांच्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारासाठी नासारेनोसोबत गावोगाव धूळ खात फिरलेली सोफानोर त्याची जुनी मैत्रीण. ती एवढंच म्हणाली, "निदान आम्हाला सांगायचं होतंस." त्यानं मान खाली घातली. खरं सांगितलं तर खोटं कशासाठी बोललो? छातीवरचा हिरवा बिल्ला काढून त्यानं टेबलावर ठेवला आणि बाहेर पडला.

वाईट वाटत होतं, खूप वाईट. पण पाय आपोआप बापाच्या घराकडे वळले होते.

डॉन क्रिसान्तो द्राक्षाच्या मांडवाखाली बसला होता. हातातला माते, तो कडू पाल्याचा चहा, केव्हाच गार झाला होता. दार उघडंच होतं. आत शिवणयंत्राशेजारच्या खिळ्याला ती कात्री टांगलेली होती.

"माझ्यासाठी खोटं बोलायला तुला कोणी सांगितलं होतं?" बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती.

"तुमची नोकरी गेली असती, ताता."

"गेली असती तर गेली असती."

नासारेनो उंबऱ्याशीच थांबला. तीन वर्षांचं साठलेलं एका वाक्यात आलं. "पण तुम्ही मला मत दिलंत."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. डोळे लाल होते.

"मी? मी नाही दिलं. मी मेलो तरी हिरव्यांना देणार नाही. ते तिनं कापलंय. अंथरुणात उशीला टेकून, तुमची आणि आमची, दोन्ही पत्रिका मागवून. तिला म्हटलं, कागदाला ती कात्री नको. तर म्हणाली, आता धार कोणासाठी राखायची? माझा गव्हर्नर घेतला आणि तुझं नाव घेतलं. म्हणाली, मी काही मतदानाच्या रविवारपर्यंत टिकत नाही. एवढं पाकिटात घाला."

नासारेनोनं खिळ्यावरच्या कात्रीकडे पाहिलं.

"मग तुमचं मत, ताता?"

"पाकीट एकच देतात रे," म्हातारा म्हणाला.