पाच निळे दाणे

पाचही दाणे निळे निघाले.

अध्यक्षा अनुपमाबाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. "सावित्रीकाठच्या चिखलातली नेहमीची जात आहे," त्या म्हणाल्या. "आणि निळी."

सूक्ष्मजीवाश्म मंडळाच्या वार्षिक सभेत 'निळी' म्हटलं की पुढं बोलायला काही उरत नाही. मातीतले खसखशीहून बारीक शिंपले हवे असतील तर ती चाळणीत धुवावी लागते. एक माती धुऊन झाली की चाळण निळ्या रंगात बुडवायची. आधीच्या मातीतला एखादा दाणा जाळीत अडकला असेल, तर तो निळा होतो आणि पुढच्या मातीत लगेच ओळखू येतो. रंग मोठा चिवट. चाळणीला एकदा लागला की ती फाटेपर्यंत निळीच.

पहिल्या रांगेत कुडपणचे महिपती आणि साळूबाई बसले होते. तिनं ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. नऊ वर्षांपूर्वी मंडळानं सवच्या गरम झऱ्यांपाशी गावकऱ्यांसाठी शिबिर भरवलं होतं. आले बेचाळीस. एक्केचाळीस जण जेवून, झऱ्यात अंघोळ करून घरी गेले. महिपतींनी मात्र गावच्या तळ्याकाठची माती खणून चाळायला घेतली. दाणे वेचायची साळूबाई. तांदूळ निवडून तयार झालेले डोळे, भिंगाखालीही चुकायचे नाहीत. नऊ वर्षांत पाचच दाणे असे सापडले, जे मंडळाच्या एकाही चित्रात नव्हते. पांढरे, आणि पाठीवर दोन शिंगं.

मंडळाचे कार्यवाह प्रवीण सर स्वतः कुडपणला येऊन ते पाहून गेले. दोन दिवस राहिले, दोन कोंबड्या खाल्ल्या आणि निघताना म्हणाले, "मावशी, नव्या जातीला नाव तुमचंच." ते साळूबाईनं गावभर सांगितलं. मुंबईहून सुनेचा फोन आला, इंग्रजीत लिहिताना 'साळू' कसं लिहायचं म्हणून. नियमाप्रमाणे नमुने आठ दिवस आधी कार्यवाहांकडे द्यायचे होते. महिपतींनी नऊ दिवस आधी दिले.

नावाची गोष्ट सांगायची तर, आपण शोधलेल्या जातीला आपलंच नाव देऊ नये असा शास्त्रातला संकेत आहे. मंडळातली माणसं संकेत पाळणारी. ती एकमेकांची नावं देतात. आजवरच्या एकवीस जातींपैकी एकोणीस सभासदांच्या नावानं आहेत. विसावी उबेदशेठच्या, कारण सहलीच्या जीप त्यांच्या. एकविसावी प्रवीण सरांच्या सासऱ्यांच्या. त्यांनी उभ्या जन्मात शिंपला पाहिला असेल तर तो ताटात.

"माझे पांढरे होते," महिपती उठून म्हणाले. "आन् शिंगं होती त्यांना."

"मामा, नऊ वर्षं भिंगातून बघत बसलं की कुणालाही शिंगं दिसतात," प्रवीण सर म्हणाले. हॉलमध्ये हशा पिकला. "चाळण नीट धुतली गेली नसेल. होतं असं. रंगानं पकडून दिलं, एवढंच."

"कसला रंग?" महिपतींनी विचारलं.

शिबिरात गावकऱ्यांना ब्रश देतात, भिंग देतात, चहा देतात. रंग शिकवतात तो सभासदांच्या वर्गात. त्या वर्गात शिकवणारे प्रवीण सरच. नऊ दिवसांत त्यांना सगळं सुचलं होतं, एवढं मात्र आठवलं नव्हतं.

साळूबाई पिशवी घेऊन टेबलाजवळ गेली. तिनं आतून वर्तमानपत्राची गुंडाळी काढून सोडली. बांबूच्या कड्याला तिनं आपल्या जुन्या परकराचं पातळ कापड शिवलं होतं. नाव लागलं की ही चाळण मंडळाला भेट द्यायची, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं.

"नऊ वर्सं हीच एक हाय, बाई," ती म्हणाली. "दुसरी केलीच नाय. बघा, कुठं हाय निळी?"

चाळण धुतलेल्या तांदळासारखी पांढरी होती.

हॉलमध्ये चौतीस सभासद होते. इतरांना दिसत नाही ते पाहण्यात प्रत्येकाची हयात गेलेली. हे पाहायला भिंगसुद्धा लागत नव्हतं. उबेदशेठ पंख्याकडं पाहू लागले. मागच्या रांगेतल्या दोघांनी भिंतीवरची एकवीस सालच्या पुराची रेघ निरखायला घेतली, जणू पाणी आत्ताच ओसरलंय. प्रवीण सर हातातले कागद पुन्हा पुन्हा सारखे करत राहिले.

अनुपमाबाईंनी चाळण उचलली. उलटी केली, सुलटी केली. उजेडाला धरली. मग मान वळवून त्यांनी प्रवीण सरांकडं पाहिलं. चांगलं दहा आकडे मोजून होतील इतका वेळ पाहिलं.

आता बाई बोलणार, हे साळूबाईला कळलं होतं.

अनुपमाबाईंची नजर खाली उतरली, समोरच्या विषयपत्रिकेवर आली आणि पुढच्या ओळीवर थांबली. त्यांनी चाळण वर्तमानपत्रात नीट गुंडाळून साळूबाईच्या हातात दिली.

"टाके फार सुरेख आहेत हो," त्या म्हणाल्या. "बसा."

साळूबाई बसली. महिपती उभेच होते. तिनं त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना खाली बसवलं.

"विषय क्रमांक चार," अनुपमाबाई वाचू लागल्या. "कुडपणच्या तळ्याकाठची दोन शिंगांची नवी जात. शोध, आपले कार्यवाह प्रवीण सर. नमुने पाच. जातीला दिलेलं नाव…"

इथं त्या जराशा लाजल्या.