भिंतीपलीकडचा ठेका

‘ड्रम्समागची ती बेभान खटखट हाच या अल्बमचा आत्मा!’ गायिकेनं मोबाइलवरचं परीक्षण वाचलं आणि अख्खा बँड किंचाळला. पहिलाच अल्बम, आणि शनिवारी पुण्यात पहिला मोठा शो!

पण ती खटखट ड्रमरची नव्हतीच. इचलकरंजीतल्या या खोलीच्या भिंतीपलीकडे आप्पासोंचा यंत्रमाग चालायचा, तोच रेकॉर्डिंगात घुसला होता. ‘बंद करा ते धूड’ म्हणून ड्रमरनंच भिंतीला लाथा घातल्या होत्या. गेला मान खड्ड्यात! त्याच ठेक्यात तो पलीकडे पळत सुटला.

“आप्पासो, शनिवारी पुण्याला चला!”

“आता तिथंबी काय बंद करू?”

“बंद न्हाई, चालू करायचं! स्टेजवर!”

“म्हंजे मी येऊ का ह्यो माग?”

“दोघंबी!”

आप्पासोंनी हसत खटका पाडून माग थांबवला. “आधी पुण्यात थ्री फेज लाइट हाय का बघ.”