हात सोडायचा नाही

"थांबा! हात थांबवा सगळ्याजणी! देणगीदार पाहुण्यांच्या गाड्या आल्या पुलापाशी!" संस्थेचे महामी साहेब ओरडतच अंगणात शिरले.

फुसेनाने मानही वर केली नाही. तिच्या घमेल्यात शियाच्या झाडाच्या दळलेल्या बियांचा काळपट लगदा होता आणि तिचे हात कोपरापर्यंत त्यात. अजून वीस मिनिटं फेटलं की लगदा पांढरा पडणार, लोणी सुटणार. मधेच थांबलं तर सगळा चिखल. हे गावातल्या शेंबड्या पोरीलाही कळतं. बायकांच्या धंद्याला हातभार लावायचा पगार घेणाऱ्या महामीला मात्र कळत नव्हतं.

"साहेब, वीस मिनिटं द्या."

"तोवर पाहुण्यांना उन्हात उभं करू? हात धुवा, हे टीशर्ट घाला, रांगेत या. तीनदा सराव घेतलाय गाण्याचा!"

"आणि लोणी?"

"उद्या करा परत. बियांना काय तोटा आहे?"

फुसेनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय तोटा आहे! सापांच्या रानात पहाटे वाकून वाकून वेचलेल्या त्या बिया. मग उकडा, वाळवा, फोडा, भाजा. उद्या सकाळी तामाले शहरातली व्यापारीण पहिल्यांदाच लोणी बघायला येणार होती. घमेल्यात चिखल दिसला, की ती पुन्हा या वाटेला फिरकायची नाही.

शेजारच्या घमेल्यातून अझाराने घाबरून एक हात बाहेर काढला.

"घाल आत तो!" फुसेना खेकसली. "पोरांना काय टीशर्ट शिजवून घालणारेस?"

"फुसेनाकाकू, तमाशा नकोय मला," महामी दबक्या आवाजात म्हणाले. "तुमचा धंदा उभा कोण करतंय? आम्हीच ना?"

"असं होय!"

फुसेनाने एका हाताने फेटणं चालू ठेवलं. दुसऱ्या हाताने महामींचं मनगट धरलं, त्यांना खाली ओढलं आणि इस्त्रीच्या बाहीसकट, घड्याळासकट त्यांचा हात घमेल्यात खुपसला.

"मग करा उभा. हात बदललेला चालतो, थांबलेला चालत नाही. पांढरं पडेपर्यंत सोडायचा नाही."

महामी काही बोलणार, तोच गाड्यांची दारं उघडली. पाहुणे अंगणात आले. आता हात काढायची सोय राहिली नाही.

फुसेनाने आपले हात पुसले, अंगावर टीशर्ट चढवला, रांगेच्या जागी एकटीच उभी राहिली आणि सराव केलेलं गाणं खड्या आवाजात सुरू केलं. बाकीच्या बायकांनी बसल्या जागेवरून सूर धरला. कुणाचाही हात थांबला नाही. पाहुण्या बाईंनी कॅमेरा आधी फुसेनाकडे धरला, मग हळूहळू घमेल्यापाशी उकिडव्या बसलेल्या साहेबांकडे वळवला.

"जोरात, साहेब," अझारा वाकून म्हणाली. "अजून काळंच आहे."