लाल कड

पट्टीची लाल कड कुठल्या बाजूला बसवायची, याचा वायरमनने विचारसुद्धा केला नाही. लाल म्हणजे प्लस. उभा जन्म दुसऱ्यांच्या भिंतींतून वायरी ओढण्यात गेलेला. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. सप्लायच्या पिनांवर मीटर टेकवून त्याने प्लसची बाजू बघून घेतली आणि मुलीने बनवलेल्या शेवटच्या डब्यातून निघालेली वायरींची चपटी पट्टी तिथे दाबून बसवली.

लाकडी चौकटीत तिचे जुने चार डबे आधीपासून होते. पुढे फिरवायच्या खुंट्या, मागे तिने स्वतः सोल्डर केलेले बोर्ड. त्यांतून ती सूर काढायची, ताल धरायची. त्यांच्या पट्ट्या कशा बसवल्यात हे नुसतं वाकून पाहिलं असतं तरी भागलं असतं. पण ज्याला येतं तो कशाला बघतो? पाचव्या डब्याचा आवाज अजून कुणी ऐकला नव्हता. तिनेही नाही. "आल्यावर लावते बाबा, तुम्ही हात लावू नका," असं बजावून ती दवाखान्यात गेली, ती परत आली नाही.

"तिची मैत्रीण येतेय ना संध्याकाळी," बायको दारातून म्हणाली. "तिलाच लावू द्या की."

"वायरमनच्या घरात वायर लावायला बाहेरचं माणूस?"

"मग लावा लवकर. मला ऐकायचंय." ती उंबऱ्यातच टेकली. "एक तेवढं बरं झालं हो, तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही."

वायरमनने मान हलवली. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलेलं दोघांनी मुकाट्याने गिळलं होतं आणि आत जाऊन हसून दाखवलं होतं. आता हे एकच वाक्य रोज एकदा बोलून दोघं दिवस ढकलत होती.

सप्लाय मात्र त्याचाच होता. भिंतीतल्या विजेला तू हात लावायचा नाहीस, तेवढं माझं, असं म्हणून त्याने तो बांधून दिला होता. पत्र्याची पेटी, पक्कं अर्थिंग, फ्यूज. "एवढुशा खेळण्याला फ्यूज कशाला, बाबा?" असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "फ्यूज आपण असतो तेव्हासाठी नसतो गं. आपण नसू तेव्हासाठी असतो."

त्याने बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, जुने चार डबे गुणगुणले. पाचवा मुका. त्याने खुंट्या फिरवून पाहिल्या, फ्यूज काढून पाहिला, मीटर लावलं. सगळं ठाकठीक.

"सोल्डर कच्चं राहिलं असणार," शेवटी तो म्हणाला, आणि म्हटल्या म्हटल्या त्याला वाईट वाटलं. त्या दिवसांत तिला धड पेलाही धरवत नव्हता. बायको उठून आत गेली.

मैत्रीण आली. पिशवी खाली ठेवता ठेवता तिची नजर पट्टीवर गेली आणि तिने आधी बटण बंद केलं.

"काका, कधीपासून चालू आहे हे?"

"झाला बराच वेळ. का गं?"

"पट्टी उलटी आहे. ह्यात लाल कड मायनसकडे असते."

"लाल? मायनसकडे? कुठल्या शहाण्याने ठरवलं हे?" पण बोलता बोलताच त्याचा हात डब्याकडे गेला. ज्या डब्याला हात लावू नका म्हणाली, तोच आपल्या हाताने जाळला.

मैत्रिणीने डबा सोडवला, नाकाशी नेला, उजेडात धरून उलटा केला. मग मागच्या बोर्डावर बोट टेकवलं.

"जळला नाही, काका. डायोड घातलेत तिने. दोन."

डायोड म्हणजे काय, हे वायरमनला सांगायला नको होतं. वीज उलटी आली की दार लावून घेणारी तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू. त्याच्या जिवात जीव आला. "घालायलाच हवेत! उद्या कुणाचा चुकीचा हात पडला तर? शहाणी गं माझी पोर."

"ती कधीच घालायची नाही." मैत्रिणीने चौकटीकडे बोट दाखवलं. "त्या चारांत एकातही नाहीत. मी भांडायचे तिच्याशी. म्हणायची, वीज खातात मेले. आणि लावणार मीच ना? मी कशाला उलटं लावीन?"

वायरमन हसायला गेला आणि तसाच थांबला.

त्याने डबा हातात घेतला. दोन काळे दाणे, चार टाके. एकेक टाका गोल, चकचकीत. थरथरत्या हाताने कितीदा तरी पुसून पुन्हा घातला असला पाहिजे. लावणारी आपण नसू, हे ठाऊक असल्याशिवाय तिने ते घातले नसते. कोण लावेल आणि कसं लावेल, हेही तिला ठाऊक होतं. दोघं तिच्यापासून लपवत होती आणि ती दोघांपासून. दवाखान्याच्या त्या खोलीत ती एकटीच भ्यायली असेल. तो खुर्चीवर बसला.

मैत्रिणीने पट्टी फिरवून बसवली आणि बटण दाबलं.

एक खालचा, संथ सूर आला. भरत गेला, ओसरला, पुन्हा भरला. बायको ओले हात तसेच घेऊन बाहेर आली आणि भिंतीला टेकून ऐकत राहिली. डोळे वाहत होते तरी तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता.

"किती शांत आहे हो," ती म्हणाली. "बघा, तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं."

मैत्रिणीने वायरमनकडे पाहिलं. त्याने पट्टीची लाल कड अंगठ्याखाली दाबून धरली होती.

"नाही," तो म्हणाला. "काहीच कळलं नव्हतं तिला."