डोंगर नंतर बघू

"बाबा, जरा मान वर करून बघा तरी! ढग खाली आणि आपण वर."

"बघितले," मास्तर मान वर न करता म्हणाले आणि पुढची पायरी चढले.

मास्तर म्हणजे शिंपी. उभा जन्म शिलाई मशीनपुढे गेलेला. अख्ख्या गावाच्या कमरेची मापं तोंडपाठ, पण स्वतःच्या कमरेकडे मात्र सोयीस्कर काणाडोळा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांना टेबलावर आडवं केलं, पोटावरून सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं आणि पडद्याकडे बघत स्पष्टच सांगितलं, "यकृतावर चरबी चढलीय. दोन महिन्यांत उतरवा. त्यापुढे वाट बघण्यात अर्थ नाही."

त्या दिवसापासून मास्तरांनी साखर सोडली, तळलेलं सोडलं आणि गावामागचा डोंगर धरला.

मुलगी शाळेत चित्रकला शिकवायची. ती रजेवरच होती, म्हणून तीही बरोबर येऊ लागली. पण दोघांचे डोंगर निराळे होते. मास्तरांच्या डोंगराला नुसता चढ होता. तिच्या डोंगराला दरी होती, धुकं होतं, दगडाच्या फटीत उगवलेली इवलीशी निळी फुलं होती. पहिल्या वळणावर एक बाक होता. ती तिथे बसकण मारायची आणि बापालाही बसवायला बघायची.

"बसा ना! डोंगर म्हणजे काय तालीम आहे?"

"बसूनच तर हे पोट कमावलंय. आणि काय गं, काळ्या चष्म्यातून कसली हिरवळ दिसते तुला?"

"ऊन लागतं डोळ्यांना," ती म्हणाली आणि मनगट खाजवत दरीकडे बघत राहिली.

मग तिच्या पिशवीतून केक निघायचा. घरी केलेला, लोण्याने माखलेला. त्या वासाने मास्तरांचा जीव अर्धा होई.

"माझ्या मुळावर उठलीयेस का, चिमणे?"

"एक तुकडा खाल्लात तर आभाळ कोसळणार नाही."

"कोसळेल," मास्तर म्हणत आणि तरातरा पुढे जात. परत येताना तो केक ते रोज भेटणाऱ्या म्हाताऱ्या पोस्टमनच्या हातावर ठेवत. पोस्टमनचं वजन वाढू लागलं.

"नशीबवान आहात, मास्तर," तोंडातला घास सावरत एकदा तो म्हणाला. "बापाच्या तब्येतीसाठी रजा काढून बसलीय पोर."

मास्तरांनी उरलेला तुकडाही त्याच्या हातावर ठेवला.

हळूहळू त्यांची विजार कमरेवर राहीना. त्यांनी ती स्वतःच आत घेतली. थोड्या दिवसांनी पुन्हा आत घेतली. गिऱ्हाईकांच्या कपड्यांना उशीर होऊ लागला आणि लोक कुरकुरू लागले, पण मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही.

एका सकाळी ते माथ्यावरून उतरले तर मुलगी बाकावर झोपलेली. चष्मा घसरलेला, मान एका बाजूला कललेली. समोर दरीत ऊन पसरलं होतं. तिने इतके दिवस जे बघा बघा म्हटलं होतं ते सगळं आयतं समोर होतं. पण मास्तर तिच्याकडेच बघत राहिले. लहानपणी ती मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात अशीच झोपायची. ती बोलायला लागायच्या आतच तिची आई गेली, तेव्हापासून या दोघांना दोघंच होते. घाबरायला होत होतं मास्तरांना, फार घाबरायला होत होतं. त्यांनी अंगातला स्वेटर काढून तिच्यावर घातला आणि पाय भरून आलेले असताना पुन्हा माथ्याकडे निघाले.

दुसऱ्यांदा खाली आले तेव्हा ती जागी होती. स्वेटर छातीशी धरून बसली होती.

"दोनदा चढलात?"

"झोप लागली होती तुला. मग करायचं काय?"

"बाबा, ऐका माझं. नाही उतरली चरबी तर नाही उतरली. जेवढे दिवस आहेत तेवढे इथे बसू. गप्पा मारू, हे सगळं बघू. मला तेवढं पुष्कळ आहे."

"मला नाही."

"तुम्हाला काही झालं तर मी काय करू?" तिने स्वेटर आणखी घट्ट धरला.

मास्तर तिच्याशेजारी बसले. डोंगर धरल्यापासून पहिल्यांदाच बसले. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण डोळे बुटांवरच होते.

"मला काही होत नाही गं. डोंगर कुठे पळून चाललाय? नंतर बघू. सबंध दिवस बसू, तू कंटाळून चल म्हणेपर्यंत बसू. पण नंतर."

ठरलेल्या दिवशी दोघं दवाखान्यात गेले. मास्तर टेबलावर आडवे झाले आणि त्यांनी श्वास रोखला. डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत होत्या. त्यांनी पुन्हा एकदा बघितलं, मग दिवा लावला.

"मास्तर, काय खाल्लंत?"

"काही नाही हो, बाई. देवाशपथ काही नाही."

"तेच म्हणतेय. चरबी गेली. यकृत अगदी स्वच्छ आहे."

मास्तर उठून बसले. हसायला गेले आणि रडायला लागले. शर्टाच्या बाहीने डोळे पुसत त्यांनी बाईंना हात जोडले. मुलगी मात्र भिंतीला टेकून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. तिने चष्मा काढला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"बाबा, अजूनही नाही म्हणा," ती म्हणाली.

"आता कशाला नाही म्हणू?" मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"रडणं पुरे," त्या म्हणाल्या. "बाबांच्या यकृताचा अर्धा भाग तुला बसवायचा, तर ताकद तुलाही लागेल."