भिंतीतलं भोक

“खोली सोड म्हणती, अन् गाडीत शेजारी बसवून आणती,” तुळजाबाई पुटपुटली. परंड्याच्या जैनोद्दीन वकिलांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं अन् तिच्या घरमालकिणीला, कुलसुमबीला, तक्रार विचारली. “हिनं मधल्या भिंतीतलं भोक चिखलानं बुजवलं. खोली खाली करून द्या.” त्या भोकातून विस्तव जायचा, आमटी यायची, चहाड्या तर दिवसभर चालायच्या. परवा कुलसुमबीनं आमटीला आळणी म्हटलं अन् तुळजाबाईनं चिखल थापला. निजामी शिक्क्याच्या कागदावर टेकवलेला टाक वकिलांनी उचलला. “कुलसुमबी, कायदा भिंत फोडणाऱ्याला धरतो, लिंपणाऱ्याला न्हाय. भोक पाडलं कुणी?” मालकीणच बोलली, “म्याच. हिला ताप भरला होता, आतून कडी होती. भिंतीला कान लावला तरी हिचा श्वास ऐकू येईना. वकीलसाहेब, परवापासनं मला तो पुन्हा ऐकू येत न्हाय.”