पाहुणी

आमचे हे गोदीतून निवृत्त झाले आणि खराट्याला चिकटलेल्या ओल्या पानासारखे दिवसभर माझ्या मागेमागे फिरायला लागले. भात गिचका झाला, सूपमध्ये मीठ कमी पडलं. मुकादमकी सुटली तरी झापणं सुटलं नव्हतं. झापून दमले की, "शिझुए, आता मी करू तरी काय?"

वैतागून मी त्यांना गल्लीतल्या तोमिकोबाईंकडे चहाविधी शिकायला धाडलं. "बायकांच्या घोळक्यात?" म्हणून फुरंगटले, पण गेले. हळूहळू माणूस तिथून गुणगुणत घरी यायला लागला.

आज त्यांनी मला पाहुणी म्हणून समोर बसवलं. कपाळावर घाम येईस्तोवर हिरव्या चहाची पूड गरम पाण्यात घोटली, वाडगं माझ्यापुढे ठेवलं आणि मी घोट घेताच वाकून विचारलं, "चहा कसा झालाय?"

यावर पाहुण्याने "उत्तम" म्हणायचं, अशी रीत आहे. पण इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी माझं मत पहिल्यांदाच विचारलं होतं. ते मी एका शब्दात संपवते होय?

"गुठळ्या राहिल्यात," मी ठणकावलं. "उद्या परत करा. आणि असंच वाकून विचारा."